सरकारी माहिती आणि गांवचें वाचनालय

मृगाचा पाऊस पडला कीं वऱ्हाडांत तिफणी शेतांत जातात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, जूनच्या अखेरीस, आमच्या विदर्भांतील शाळांचीं दारें उघडतात. ह्या दिवसांत एकाच घरांतील बाप व मुलगा ह्या दोघांसहि सरकारी कागदाची गरज लागते. मुलास शिष्यवृत्तीसाठीं उत्पन्नाचा दाखला हवा असतो; बापास पीककर्जासाठीं सातबारा हवा असतो. दोघेहि संगणकाच्या एकाच दुकानापुढें रांगेंत उभे राहतात. कोणता कागद लागतो, मुदत कधीं संपते, फी किती, ह्या प्रश्नांस दुकानदार जें उत्तर देईल तोच त्यांच्या दृष्टीनें कायदा. दुकानदार बहुधा भला मनुष्य असतो. त्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु नियम स्वतः वाचून पाहण्याची सोय नसल्यामुळें साक्षर मनुष्यासहि निरक्षराप्रमाणें दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें, ही गोष्ट शिक्षक ह्या नात्यानें आम्हांस बोचते.

वास्तविक ही माहिती कोणी दडवून ठेविलेली नाहीं. राज्य सरकारचे निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात व त्यांस स्वतंत्र संकेतांक दिलेला असतो. सातबाराचा उतारा संगणकावर पाहतां येतो. १ मे २०१८ पासून तर डिजिटल स्वाक्षरीचा उताराहि मिळूं लागला. पूर्वीं असें नव्हतें. सन १८७० मध्यें आल्फ्रेड लायल ह्यांनीं संपादिलेलें वऱ्हाडचें गॅझेटिअर निघालें. पुढें १९१० सालीं अकोला जिल्ह्याचें व १९११ सालीं अमरावती जिल्ह्याचें गॅझेटिअर छापलें गेलें. आपल्याच गांवांची, पिकांची, बाजारांची व दुष्काळांची माहिती त्यांत होती; पण ती होती इंग्रजींत. ज्याच्या शेताचें वर्णन, त्यासच तें वाचतां येत नसे. आज मराठी ही राज्याची राजभाषा आहे, सरकारी निर्णय मराठींत निघतात, आणि ते वाचावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. कपाटाचें कुलूप निघालें खरें. पण कपाट कोठें आहे, हेंच पुष्कळांस ठाऊक नाहीं.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ सालीं झाला, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. त्याच्या चौथ्या कलमांत, प्रत्येक सरकारी कचेरीनें कोणी मागण्यापूर्वींच कोणती माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, ह्याची सतरा बाबींची यादी आहे. त्यांतील चौदावी बाब म्हणजे कचेरीजवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपांत असलेल्या माहितीचा तपशील. लगेच पंधरावी बाब म्हणजे नागरिकांस माहिती मिळविण्याच्या सोयी, आणि लोकांकरितां ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालविला जात असल्यास त्याच्या कामकाजाच्या वेळा. कायदा करणारांनीं संगणकास व वाचनालयास असें शेजारीं शेजारीं बसविलें आहे. व्यवहारांत मात्र ह्या दोन शेजाऱ्यांची अद्याप नीट ओळख झालेली नाहीं. गांवच्या वाचनालयांत वर्तमानपत्र येतें, कादंबरी येते, दिवाळी अंक येतात. ज्या निर्णयावर गांवाचा हंगाम अवलंबून, तो निर्णय तेथें क्वचितच दृष्टीस पडतो.

ह्यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. पीक विम्याचेंच उदाहरण घेऊं. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रांत शेतकऱ्यास एका रुपयांत पिकाचा विमा उतरतां येऊं लागला. दोनच वर्षांनीं, २०२५ च्या खरिपापासून, ती सवलत बंद होऊन शेतकऱ्यानें विम्याच्या हप्त्याचा आपला हिस्सा पुन्हां भरावा असें ठरलें. दोन्ही निर्णय सरकारनें प्रसिद्ध केले होते. पण ज्यानें ते वाचले नाहींत, त्यास बातमी लागली ती पारावर किंवा चहाच्या टपरीवर, आणि तीहि अर्धीच. कपाशी व सोयाबीन ह्यांवर ज्यांचें वर्ष निघतें, त्यांनीं अर्ध्या बातमीवर भरंवसा ठेवणें फार महाग पडतें.

दुसरा आक्षेप असा कीं, आतां खिशांत फोन आहे, मग वाचनालयाचें काय काम? आमचें उत्तर असें कीं, घरांत फोन असला तरी तो बहुधा एकच असतो, आणि तो बाळगणारा दिवसभर कामावर असतो. शिवाय लहानशा पडद्यावर दहा पानांचा निर्णय वाचणें सोपें नाहीं. आणि त्याच फोनवर खऱ्या निर्णयाइतक्याच ऐटींत खोटा निरोपहि येतो. खरें कोणतें व खोटें कोणतें, हें संकेतांक पडताळून कसें ओळखावें, हें शिकविणारें कोणी तरी पाहिजे.

नुसत्या यंत्रानेंहि भागत नाहीं. आपल्याच अमरावती जिल्ह्यांतील, मेळघाटांतील हरिसाल हें गांव २०१६ मध्यें देशांतील पहिलें डिजिटल गांव म्हणून गाजलें. पुढें २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं, तेथील सोयी खरोखर चालू आहेत कीं नाहींत, ह्यावर राज्यभर वाद झाला. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. आम्ही त्यांतून इतकेंच घेतों कीं, यंत्र बसविणें हें एका दिवसाचें काम आहे. तें रोज उघडणें, सांभाळणें व शेजारीं बसून समजावून सांगणें हें वर्षानुवर्षांचें काम आहे. आणि असें काम करण्याची संवय ज्या संस्थेस आहे, ती म्हणजे वाचनालय.

आपल्याकडे त्याची तयारी मुळींच नाहीं असें नव्हे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालीं मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांस त्यांच्या वर्गाप्रमाणें सरकारी अनुदान मिळतें. अमरावतीस शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या कितीएक गांवांतून लहानमोठीं वाचनालयें आहेत. अमेरिकेंत १९९३ सालीं कायदा करून, सरकारी मुद्रणालयानें महत्त्वाचीं प्रकाशनें संगणकावर उपलब्ध करावीं व सरकारी प्रकाशनें ठेवणाऱ्या ग्रंथालयांकडून त्याबद्दल पैसे घेऊं नयेत, असें ठरविण्यांत आलें. आपण निदान एवढें मागावें: प्रत्येक मान्य वाचनालयांत लोकांकरितां एक संगणक व छापण्याचें यंत्र असावें, शेती, शिक्षण व दाखले ह्यांविषयींचे ताजे निर्णय फलकावर लागावे, आणि ग्रंथपालास त्या कामाचें शिक्षण व पोट भरेल असें वेतन मिळावें. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या माणसावर आणखी एक ओझें टाकून ही सोय टिकणार नाहीं. मात्र ग्रंथपालानें वाचण्यास मदत करावी. कोणाचा परवलीचा शब्द किंवा बँकेचा आंकडा विचारूं नये, व कोणी तो सांगूंहि नये.

सरकार हें करील तेव्हां करील. तोंवर विद्यार्थ्यांस एक काम सहज करतां येण्याजोगें आहे. दर शनिवारीं शाळेच्या संगणकावर गुरुजींच्या देखरेखीखालीं आपल्या तालुक्यास उपयोगी असा एक निर्णय शोधावा. त्याचा विषय, तारीख, संकेतांक व शेवटची मुदत स्वच्छ अक्षरांत लिहून काढावी. आणि तो कागद गांवच्या वाचनालयाच्या फलकावर लावावा. संध्याकाळीं आजोबांस व शेजाऱ्यांस तो वाचून दाखवावा. न समजलेला शब्द वर्गांत विचारावा.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा किंवा मुलगी असा कागद वाचूं लागली, तर "हें तुझें काम नव्हे" असें म्हणून तिला गप्प बसवूं नये. पुढच्या मृगाच्या आधीं तुम्ही दोघांनीं मिळून एकदां वाचनालयाची पायरी चढावी, आणि नियम काय आहे हें स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावें. मग दुकानापुढच्या रांगेंत उभें राहावें लागलें तरी, आपणांस काय मागावयाचें आहे हें तरी ठाऊक असेल.