जनुकांचे जाळे : अनुमान आणि पुरावा

स्मृतिभ्रंश, कंपवात, संधिवात यांवरील संशोधनाच्या बातम्यांत ‘रोगामागील जनुकांचे जाळे सापडले’ असे वाक्य अलीकडे वारंवार आढळते. घरात वर्षानुवर्षे रुग्णाची सेवा करणाऱ्यास ते वाचून आशा वाटणे स्वाभाविक आहे. काहीजण कात्रण घेऊन दवाखान्यात येतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, यावरची गोळी कधी येणार?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हवे असेल, तर जाळे ‘सापडते’ म्हणजे काय होते हे आधी समजून घ्यायला हवे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. तरीही यकृताची पेशी मेंदूच्या पेशीसारखी वागत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी वेगवेगळी जनुके जागी असतात. जागे जनुक आरएनएच्या रूपाने निरोप पाठवते. हे निरोप मोजले की कोणते जनुक किती कार्यरत आहे ते कळते. यालाच जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. कोणाला जागे करायचे नि कोणाला निजवायचे हे मुख्यतः नियामक प्रथिने ठरवतात, आणि तीही जनुकांपासूनच घडतात. मानवात ती सुमारे १,६०० आहेत. आपल्यापैकी अनेकांना परिचित असलेली प्रेडनिसोलोनची गोळी अशाच एका नियामक प्रथिनाला कामाला लावते. त्यातून अनेक जनुकांचे काम बदलते; म्हणून सूज ओसरते, पण रक्तातील साखर वाढते आणि दीर्घकाळात हाडेही ठिसूळ होतात. एक कळ दाबली की अनेक दिवे लागतात नि विझतात, ते असे.

आता प्रश्न असा की कोणती कळ कोणत्या दिव्याची? संशोधक अनेक नमुन्यांतील जनुक-अभिव्यक्ती मोजतात आणि कोणती जनुके एकत्र वाढतात वा घटतात ते संगणकाने शोधतात. त्यावरून ‘हे जनुक त्याचे नियमन करते’ असे बाण काढले जातात. येथेच सावध राहावे लागते. पावसाळ्यात छत्र्याही उघडतात आणि बेडूकही ओरडतात. म्हणून छत्र्यांमुळे बेडूक ओरडतात असे आपण म्हणत नाही. त्याचप्रमाणे दोन जनुके एकत्र वाढली तरी तिसरेच त्या दोघांना चालवत असू शकते. शिवाय २०,००० जनुकांच्या जोड्या जवळपास २० कोटी होतात, आणि नमुने बहुधा काही शेकडाच असतात. इतक्या जोड्यांत काही निव्वळ योगायोगाने जुळणारच.

या अनुमानांची कसोटी घेणारा एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीसहून अधिक पद्धती त्यात पारखल्या गेल्या. कोणतीही एक पद्धत सर्वत्र सरस ठरली नाही. सर्वांची अनुमाने एकत्र केल्यावर निष्कर्ष अधिक भरवशाचे झाले. ई. कोलाय या जिवाणूत सुचलेले ५३ नवे संबंध प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा २३ संबंधांना आधार मिळाला. म्हणजे निम्म्याहून कमी, आणि तेही एका साध्या जिवाणूत! मानवी मेंदूचे जाळे याहून कितीतरी गुंतागुंतीचे आहे.

म्हणून हे शास्त्र निरर्थक आहे असे मात्र समजू नये. कोट्यवधी शक्यतांतून कोठे शोधावे हे ते दाखवते. पुढे ते जनुक मुद्दाम बंद करून परिणाम पाहावा लागतो, आणि त्यानंतर औषधाच्या चाचण्यांची वर्षे येतात. प्रत्येक चाचणीने स्वतःची उपयुक्तता स्वतंत्रपणे सिद्ध करायची असते. काही प्रकारच्या प्रारंभिक स्तनकर्करोगात केमोथेरपीची गरज ठरवताना वापरली जाणारी २१ जनुकांची तपासणी दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत पारखली गेली आहे. डॉक्टर तिच्यावर विसंबतात ते या पुराव्यामुळे.

तेव्हा ‘स्मृतीची जनुके जागवणारे’ चूर्ण वा कॅप्सूल कोणी पुढे केले, तर तीन प्रश्न विचारावेत : हे केवळ संगणकाचे अनुमान आहे का? प्रयोगाने ते सिद्ध झाले आहे का? माझ्यासारख्या वयाच्या रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे चाचणीत दिसले आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ नसेल, तर पैसे जपून ठेवावेत. आणि अशा आशेपोटी चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. दीर्घकाळ चालू असलेले प्रेडनिसोलोन तर अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते.

घरातही हाच विवेक उपयोगी पडतो. नवी गोळी सुरू झाली आणि पाय सुजले, तर दोष गोळीचा असेल, हृदयाचा असेल किंवा मूत्रपिंडाचा. तारीख, गोळीचे नाव आणि सूज वहीत टिपून ठेवा व लवकर डॉक्टरांना दाखवा. नोंद तुमची, पडताळणी आमची. बाण कुठून कुठे काढायचा हे दोघांनी मिळून ठरवू.