खिडकीची झडप आणि घराचा श्वास

सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांचा खोकला काही केल्या थांबत नव्हता. दवाखान्यात मी त्यांना दोनदा औषधे लिहून दिली. तिसऱ्या वेळी त्यांना जिना उतरवेना, म्हणून मीच घरी गेलो. घराचे नुकतेच नूतनीकरण झाले होते. प्रत्येक खिडकीला आतल्या बाजूने आडव्या पट्ट्यांच्या पांढऱ्याशुभ्र झडपा बसविलेल्या होत्या आणि त्यांच्यामागची काचेची तावदाने घट्ट मिटलेली होती. भर दुपारी खोलीत दिवा जळत होता. आजोबांच्या कुशीत चार वर्षांचा नातू निजला होता. सूनबाई समाधानाने म्हणाल्या, "डॉक्टर, आता धूळ नाही, डास नाहीत, ऊन नाही. बाबांना वारासुद्धा लागत नाही."

त्या शेवटच्या वाक्याने मी सावध झालो. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात थुंकी तपासावी, हा नियम मी इतरांना सांगत असतो. येथे तो माझ्याकडूनच उशिरा पाळला गेला.

झडपांमुळे क्षय होत नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. परंतु बंद खोलीत तो एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. म्हणून या देखण्या झडपांविषयीचे काही गैरसमज दूर करणे मला अगत्याचे वाटते.

पहिला गैरसमज असा, की पट्ट्या उघड्या ठेवल्या म्हणजे हवा खेळते. पट्ट्यांमधून उजेड येतो. मागचे तावदान बंद असेल तर हवा येत नाही. जुन्या चाळींतील झिलमिलीच्या खिडक्यांत पट्ट्यांमागे काच नसे, त्यामुळे आडोसाही मिळे आणि वाराही. आज आपण रूप तेच घेतले, वारा मात्र अडविला. शिवाय हवेला आत येण्यासाठी जशी वाट लागते, तशीच बाहेर जाण्यासाठीही लागते. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार, थोडे तरी उघडे हवे. क्षयाचे जंतू खोकल्यातून बाहेर पडून हवेत कित्येक तास तरंगत राहू शकतात. वाहती हवा त्यांना विरळ करते. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांमध्ये, खिडक्या-दारे उघडी असताना, हवा यंत्राने वायुवीजन केलेल्या नव्या खोल्यांपेक्षाही अधिक वेगाने बदलत होती.

दुसरा गैरसमज, आजारी माणसाला वारा बाधतो. थेट अंगावर येणारा गार झोत नको, हे खरे. त्यासाठी पलंग बाजूला सरकवावा, अंगावर पांघरूण घालावे. खिडकी मिटू नये. बाळंतिणीच्या खोलीलाही हेच लागू आहे.

तिसरा गैरसमज उन्हाचा. आतली झडप डोळ्यांवरची तिरीप थांबवते आणि उष्णताही काही अंशी परतवते. परंतु काचेतून आत शिरलेले ऊन पट्ट्यांना तापविते आणि ती उष्णता बरीचशी खोलीतच राहते. ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविणे अधिक गुणकारी. बाहेरचे छज्जे, चिका आणि वाळ्याचे पडदे हे काम चांगले करतात. आतल्या झडपांवर भिस्त ठेवून वैशाखात वृद्धांना बंद खोलीत बसवू नये.

चौथा, झडपा उघडून काचेतून येणारे ऊन अंगावर घेतले की ड जीवनसत्त्व मिळते. त्यासाठी लागणारे अतिनील किरण साधी काच जवळजवळ पूर्णपणे अडविते. ऊन उघड्या खिडकीतून किंवा अंगणातच घ्यावे.

पाचवा, झडपांमुळे धूळ आणि डास येत नाहीत. डासांना फटी पुरतात. त्यांच्यासाठी बारीक जाळीच हवी. धूळ तर प्रत्येक पट्टीवर साचते. कोरड्या फडक्याने झटकली तर ती पुन्हा हवेत उडते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी. घर रहदारीच्या रस्त्यालगत असेल, तर वर्दळ कमी असताना खिडक्या उघडाव्यात, पण उघडाव्यात जरूर.

आणखी एक सूचना गैरसमजापोटी नव्हे, काळजीपोटी करतो. पट्ट्या वर-खाली करणाऱ्या लोंबत्या दोऱ्यांचा फास लहान मुलांच्या गळ्याला बसू शकतो. घरात बालक असेल तर बिनदोरीचाच प्रकार निवडावा. दोरी असलीच, तर ती उंचावर पक्की गुंडाळून ठेवावी आणि पाळणा वा पलंग खिडकीपाशी ठेवू नये.

आजोबांच्या घरी आम्ही सर्वांची तपासणी केली. नातवाला आजार नव्हता. त्याला प्रतिबंधक औषध सुरू केले. आजोबांनी सहा महिने एकही दिवस न चुकविता उपचार घेतले. सुरुवातीचे काही आठवडे ते मुखपट्टी लावून स्वतंत्र निजले. झडपा आजही तेथेच आहेत. मात्र मागची तावदाने उघडी असतात आणि त्यांना जाळी बसविली आहे. परवा नातू पुन्हा आजोबांच्या कुशीत निजलेला दिसला. या वेळी मला काही बोलावेसे वाटले नाही.

आपल्या घरी आज एवढेच पाहावे: झडपेमागचे तावदान शेवटचे कधी उघडले होते? आठवत नसेल, तर हे पान मिटण्यापूर्वी उठून ते उघडावे.