गुण उघडे हवेत

पियानोवादनाच्या स्पर्धेत शर्यतीसारखे घड्याळ नसते. परीक्षकाचा कान हेच माप. १९८० साली वॉर्सा येथील शोपँ स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या इव्हो पोगोरेलिचला अंतिम फेरी नाकारण्यात आली, तेव्हा मार्था आर्गेरिच यांनी परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला. त्या स्वतः १९६५ च्या विजेत्या. तरीही निर्णय बदलला नाही.

२०१५ साली त्याच स्पर्धेचे गुण परीक्षकांच्या नावांनिशी प्रसिद्ध झाले. अंतिम फेरीत विजेत्या सोंग-जिन चो याला बहुतेकांनी दहापैकी नऊ वा दहा गुण दिले असता फिलिप आंत्रमाँ यांनी अवघा एक दिला होता! त्यावर गदारोळ उडाला. हा अतिरेक खराच. पण त्याला आम्ही अन्याय म्हणणार नाही. मत विक्षिप्त असले तरी ते उघड होते, आणि चो जिंकलाच.

खरी भीती निराळी आहे. परीक्षकाचाच शिष्य स्पर्धेत असला, की त्याला गुरूने गुण देऊ नयेत असा नियम केला जातो. नियम चांगला, परंतु अपुरा. शिष्याच्या प्रतिस्पर्ध्यांना कमी गुण देण्यास गुरूला कोण अडविणार? ही चलाखी गुणांचा तक्ता समोर असल्याखेरीज उमगत नाही, आणि कित्येक स्पर्धा आजही केवळ क्रमांक जाहीर करून मोकळ्या होतात.