मांजर आमचं, वाफा शेजाऱ्यांचा

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी आमच्या लेटरबॉक्समधून एक चिठ्ठी आत पडली. पाकीट नाही, तिकीट नाही, वहीचा कागद चार घड्या घातलेला. दोन घरं सोडून राहणाऱ्या आजोबांची होती. रेडिंगमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यात सुंदर बाग त्यांचीच. पत्नी गेल्यापासून तेच एकटे ती सांभाळतात.

तुमचं मांजर फार गोड आहे, माझ्या शेडच्या छपरावर ऊन खात बसतं, मला त्याची सोबत वाटते, अशी सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं, की जानेवारीपासून ते माझ्या भाजीच्या वाफ्यात रोज घाण करतं. एप्रिलमध्ये गाजराचं बी दोनदा पेरलं, दोन्ही वेळा उकरून टाकलं. माझ्या मुलीला दिवस गेले आहेत आणि या वर्षी तिला बागेतली भाजी द्यायची मला भीती वाटते. काही करता येईल का? आणि शेवटी, त्रास दिल्याबद्दल माफी.

इंग्लंडमध्ये सतरा वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला कळली आहे. इथला माणूस चिठ्ठी लिहितो तेव्हा तो बरेच महिने गप्प बसलेला असतो. जानेवारी ते मे, पाच महिने हा माणूस आम्हाला रस्त्यात 'गुड मॉर्निंग' म्हणत होता.

तरीही खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. मांजराला मी काय साखळीनं बांधून ठेवू? नवऱ्यानं तर तिथेच फोन काढून कायदा शोधला आणि पाच मिनिटांत विजयी मुद्रेनं सांगितलं, "मांजराला इथे कुठेही फिरायची मुभा आहे. कुत्र्याच्या मालकाला घाण उचलली नाही तर दंड होतो, मांजराच्या मालकाला नाही." त्याचं म्हणणं बरोबरच होतं. ब्रिटनमधले कायदे मांजराच्या बाबतीत गमतीदार आहेत. गाडीखाली कुत्रा, घोडा, गाय, मेंढी, अगदी गाढव आलं तरी ड्रायव्हरला थांबून कळवावं लागतं, तसं १९८८ चा रोड ट्रॅफिक ॲक्ट सांगतो. त्या यादीत मांजर नाही. मात्र तेच मांजर चोरीच्या कायद्यात मालकाची मालमत्ता आहे. २०२४ मध्ये तर कुत्र्या-मांजरांच्या चोरीसाठी वेगळा कायदा झाला आणि त्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. मांजराचे हाल केले तरी तेवढीच शिक्षा होऊ शकते. म्हणजे मांजराला पळवू नका, मारू नका, हे सगळं लिहिलेलं आहे. आजोबांच्या गाजरांबद्दल कुठेही काही नाही.

या मोकळ्या जागेचा आपण मालक लोक सोयीस्कर अर्थ लावतो. कायदा काही म्हणत नाही, म्हणजे आपलं काही देणं लागत नाही. दोन दिवस मीही तोच अर्थ लावून बसले होते. मग त्या चिठ्ठीतला 'जानेवारी' शब्द डोक्यात घुमायला लागला.

आमचा बोका गोट्या, नारिंगी रंगाचा. लॉकडाऊनच्या काळात मुलांच्या हट्टापायी आणला. सुरुवातीला घरात लिटर ट्रे होता, तो वापरायचाही नीट. वर्षभरानं कॅट फ्लॅप बसवला, गोट्या बाहेर जायला लागला आणि हळूहळू ट्रेची गरज कमी झाली. आम्हाला केवढा आनंद! वास नाही, पिशव्या नाहीत. घाण जाते कुठे, हा प्रश्न घरातल्या चारपैकी एकालाही पडला नाही. आमच्या मागे तर सगळी फरशी आणि लॉन आहे. मांजराला लागते मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती, जी उकरून झाकता येते. ती गल्लीत कुणाकडे होती? ज्यांनी मेहनतीनं खुरपून ठेवली होती त्यांच्याकडे.

आणि जानेवारीच का? कारण डिसेंबरच्या मध्यापासून पाच आठवडे आम्ही नाशिकला होतो. दिराच्या मुलीचं लग्न होतं. गोट्यासाठी आपोआप दाणे टाकणारं यंत्र घेतलं होतं आणि एका मित्राचा कॉलेजमधला मुलगा एक दिवसाआड येऊन 'बघून' जायचा. थंडीत लागेल म्हणून ट्रे काढून ठेवला होता. तो साफ कर, असं त्या मुलाला कुणीच सांगितलं नव्हतं. मांजराला घाण ट्रे चालत नाही. पहिल्या आठवड्यातच त्यानं दुसरी सोय शोधली असणार. आम्ही परत आलो तेव्हा ट्रे वाळून दगड झाला होता. मी नाक मुरडून तो फेकून दिला आणि नवीन आणलाच नाही. गोट्याची सवय मात्र कायम झाली.

म्हणजे आजोबांच्या वाफ्यातली घाण ही मांजराची खोडी नव्हती. आमच्या सुट्टीचा तो हिशेब होता आणि भरत होते ते.

त्यांच्या मुलीची भीतीही पोकळ नव्हती. मला वाटलं होतं, इंग्रज माणूस उगाच बाऊ करतोय. पण इथे गरोदर बाईला सांगतातच, की बागेत काम करताना हातमोजे घाला, भाज्या नीट धुवा, मांजराचा ट्रे शक्यतो दुसऱ्याला साफ करू द्या. कारण टॉक्सोप्लाझ्मोसिस. याचे जंतू मांजराच्या विष्ठेतून येतात आणि बाईला गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर क्वचित बाळाला गंभीर इजा होते. प्रत्येक मांजराकडून हा धोका असतो असं नाही. नव्यानं लागण झालेलं मांजर थोडे दिवसच हे जंतू टाकतं, आणि ती लागण बहुधा उंदीर-पाखरं खाऊन होते. पण यातली एक गोष्ट मला आमच्या व्हेटनं समजावली आणि ती मी विसरू शकत नाही. ताज्या विष्ठेतून लागण होत नाही, जंतूंना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ केला की धोका जवळजवळ उरत नाही. शेजाऱ्याच्या मातीत पुरलेलं मात्र कोण रोज साफ करणार? तिथे ते कित्येक महिने टिकतं.

तिसऱ्या दिवशी मी आजोबांकडे गेले. हातात चिवड्याचा डबा, तोंडात जुळवलेली वाक्यं. त्यांनी चहा केला. आमच्या गोट्याला ते 'जिंजर' म्हणतात हे तेव्हा कळलं. कोपऱ्यावरच्या बाई त्याला 'टायगर' म्हणतात आणि रोज ट्यूना घालतात, हेही कळलं. (व्हेट दर वर्षी वजनावरून मला बोलत होता आणि मी शपथेवर सांगत होते, की आम्ही मोजून देतो.) आजोबांनी वाफा दाखवला. मी हातमोजे मागून घेतले आणि अर्धा तास साफ केला. ते नको नको म्हणत होते. ते बरं वाटावं म्हणून केलं नव्हतं, लाज वाटली म्हणून केलं. वरची माती त्यांनी बदलायची ठरवली, तिचे पैसे मी दिले. वाफ्यावर अंथरायला जाळी आणली, आपल्याकडे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशीच. रोपं भोकांमधून वर येतात आणि मांजराला उकरता येत नाही.

घरात ट्रे परत आला, मुलांनी वार वाटून घेतले. मागच्या कोपऱ्यातल्या दोन फरशा काढून नवऱ्यानं तिथे वाळू-माती टाकली, गोट्याला बाहेरच जायचं असेल तर आपल्या हद्दीत जावं म्हणून. तो महिनाभरात तिकडे वळला. पूर्ण वळला असं म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये आजोबांनी एकदा हसत हसत बोट दाखवलं, मी खुरपं घेऊन गेले.

याच मे महिन्यात गोट्यानं ब्लॅकबर्डचं एक पिल्लू आणून स्वयंपाकघरात टाकलं. जिवंत होतं, अर्ध्या तासानं गेलं. माझी लेक दिवसभर जेवली नाही. इथल्या मॅमल सोसायटीचा अंदाज आहे, की ब्रिटनमधली मांजरं वसंत आणि उन्हाळ्यात मिळून दहा कोटींपर्यंत जीव पकडतात, त्यात सुमारे २ कोटी ७० लाख पक्षी. मांजरांमुळेच पक्षी कमी होत आहेत याला स्पष्ट पुरावा नाही, असं पक्षी वाचवणारी आरएसपीबी ही संस्थाच म्हणते, तेही सांगायला हवं. पण म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण उपाय अगदी साधे आहेत. एक्झेटर विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की भरपूर मांसाचं खाणं दिलं तर मांजर घरी आणतं ती शिकार ३६ टक्क्यांनी कमी होते आणि रोज पाच-दहा मिनिटं त्याच्याशी खेळलं तर २५ टक्क्यांनी. पाच मिनिटं! आपण तेवढा वेळ व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवण्यात घालवतो. आम्ही आता संध्याकाळी दोरीला पीस बांधून त्याला घरभर पळवतो, घुंगराची कॉलर घातली आहे (ओढ बसली की सुटणारी घ्या, नाहीतर फांदीला अडकून फास बसतो) आणि अंधार पडल्यापासून सकाळी उशिरापर्यंत कॅट फ्लॅप बंद असतो. पाखरं पहाटे आणि संध्याकाळीच जास्त खाली उतरतात.

हे सगळं मी वाईला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मांजराला कुठे मालक असतो का गं?" तिचंही खरं आहे. आमच्या वाड्यात तीन-चार मांजरं कायम असायची, कुणाचीच नव्हती. आजी दूध-भाकरी घालायची, उंदीर ती आपले आपण बघायची. पण त्याच आठवणीत एक पोतं आहे. पिल्लं जास्त झाली की वाड्यातला कुणीतरी पोत्यात घालून ती कृष्णेपलीकडे सोडून यायचा आणि आम्हा मुलांना सांगायचे, ती दुसऱ्या गावाला राहायला गेली. नसबंदी वगैरे शब्द कुणाला माहीत नव्हते. मांजर कुणाचंच नसलं की त्याचं असंच होतं.

इथे आपल्या मराठी घरांत मांजरं आता बरीच झाली आहेत, म्हणून हे लिहिते आहे. गणपतीत मंडळात हा विषय काढला तर हशाच पिकला. एक जण म्हणाले, "त्यांच्याच देशातलं मांजर आहे, त्यांच्याच बागेत जातं, आपण कोण मध्ये पडणार?" मीही हसले. पण नंतर विचारत गेले तेव्हा चारपैकी तिघांच्या घरात ट्रे नव्हता. डिसेंबरात भारतात जाताना मांजराचं काय करता, याला 'शेजारी बघतात' हेच उत्तर. शेजाऱ्यांना विचारलेलं असतं का, हे मी पुढे विचारलं नाही. मायक्रोचिपचं तेच. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या मांजराला चिप सक्तीची आहे आणि तिच्यावरचा पत्ता-फोन चालू असावा लागतो. गोट्याला चिप होती. फोन नंबर माझा जुना होता, दोन वर्षांपूर्वी बंद केलेला. आम्ही नाशिकला असताना तो हरवला असता तर त्या नंबरवर कुणाला फोन लागला असता?

शेजाऱ्यांनीही थोडं करावं. दुसऱ्याच्या मांजराला न विचारता खायला घालू नये, वैताग आला म्हणून भलतंसलतं टाकू नये. गाडीतलं अँटीफ्रीझ थोडं चाटलं तरी मांजर जातं, लिलीच्या फुलांचे परागही त्याला विष असतात. पण आधी बोलणं, सुधारणं हे मालकाचं काम आहे, कारण मांजर आणायचा निर्णय शेजाऱ्यानं घेतलेला नसतो.

मालकांनी ते केलं नाही तर सरकार करतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला १ जुलै २०२२ नंतर जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या हद्दीतच ठेवावं लागतं. जर्मनीतल्या वालडॉर्फ गावानं त्याच वर्षी एका दुर्मिळ चंडोलाच्या विणीसाठी गावाच्या एका भागातली मांजरं ऑगस्टअखेरपर्यंत घरात ठेवायला लावली. स्कॉटलंडमध्ये २०२५ च्या सुरुवातीला नुसती एका समितीची शिफारस आली तेव्हा एवढा गदारोळ झाला, की मांजरांवर बंदी येणार नाही असं खुद्द फर्स्ट मिनिस्टरना सांगावं लागलं. गोट्याला आयुष्यभर काचेमागे बसवायची माझी इच्छा नाही. छपरावर ऊन खाताना तो जसा दिसतो, तसा घरात कधीच दिसत नाही. त्याला छपरावर राहू द्यायचं असेल तर त्याच्या मागची झाडलोट माझी.

आजोबांची मुलगी ऑगस्टच्या शेवटी बाळंत झाली, नात झाली. सप्टेंबरात दाराशी गाजरांची जुडी ठेवलेली होती, पाल्यासकट. वाकडी होती, पण गाजरं होती. मी कोशिंबीर करून वाटीभर त्यांना पाठवली.

या डिसेंबरला पुन्हा नाशिकला जातोय, तीन आठवडे. विमानाच्या तिकिटांआधी मांजरांच्या बोर्डिंगमध्ये, म्हणजे कॅटरीत, गोट्याची जागा घेतली. ट्रे रोज साफ होतो का, हे पहिलं विचारलं. दर ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात हा आपल्याबरोबर बिझनेस क्लासनं आला असता." मग कार्ड काढून आगाऊ रक्कम भरली.