निकाल आपल्या बाजूने, पण पंचनाम्याचे काय?



बियाणे उगवले नाही की दुकानदार म्हणतो, पाऊस कमी पडला. कंपनी म्हणते, पेरणी खोल झाली. कृषी खात्याचा माणूस येईपर्यंत दुबार पेरणी उरकलेली असते. मग दोष कोणाचा? ज्याचे घर बुडाले त्याचाच!

म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल गावोगावच्या बैठकीत सांगितले गेले पाहिजेत.

एक निकाल जानेवारी २०१२ चा. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध ग्राहक मंचात दाद मागितली. निगमाने थेट दिल्लीपर्यंत अपिले केली. म्हणे, शेतकरी ग्राहकच नाही, बियाण्याचा कायदा वेगळा, आणि नमुना प्रयोगशाळेत तपासलाच नाही. न्यायालयाने हे सारे फेटाळले. शेतकरी थैलीतले सगळे बी पेरतो, खटल्यासाठी मूठभर बाजूला ठेवत नाही, हे मान्य झाले. १९६६ च्या बियाणे कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला फार तर ५०० रुपये, तोही सरकारजमा. शेतकऱ्याच्या भरपाईचा त्यात शब्द नाही. त्या फौजदारीने आमची चूल पेटत नाही. भरपाईची जवळची वाट ग्राहक कायद्याचीच.

दुसरा निकाल २००५ चा, हरियाणातला. तिथे शेतकरी हरला. पीक सारखे नाही एवढे दिसले, पण दोष बियाण्याचाच, हे सिद्ध झाले नाही. पाणी, ओल, जमीन, पेरणीची पद्धत, कारण काहीही असू शकते, असे न्यायालयाने धरले.

कोरडवाहूवाल्यांना खरी भीती या दुसऱ्या निकालाची आहे. ओलीचा भरवसा आपल्याकडे कधी असतो? शेतकीची पदवी घेतलेले आम्हीसुद्धा नुसते शेत पाहून कारण छातीठोक सांगू शकत नाही.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. नमुना नसला तरी चालेल, मोघम पंचनामा चालणार नाही. तालुका समितीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. समिती येईपर्यंत सगळे शेत मोडू नका, निदान चार तासे राखा. त्याच पावसावर शेजाऱ्याने पेरलेली दुसऱ्या थैलीची कपाशी किंवा ज्वारी कशी उगवली, तेही लिहून घ्या. जमीन तीच, ओल तीच, फरक थैलीचा, हे कागदावर येऊ द्या. अहवाल गोलमाल असेल तर हरकत लेखी नोंदवा. पक्की पावती, टॅग, रिकामी थैली जपा.

तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. बियाण्याची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाच्या हुकमावर अपील करायचे तर कंपनीला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. अपिलाच्या धाकाने मागे हटू नका.

आणि एकट्याने जाऊ नका. एकाचा अर्ज टेबलाखाली दबतो, साऱ्या गावाचे अर्ज दबत नाहीत.