तीन फायली आणि एक विद्यार्थिनी

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात एका कपाटात तीन फायली शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिलीवर ‘लिंगसमभाव’, दुसरीवर ‘पर्यावरण व हवामानबदल’ आणि तिसरीवर ‘सर्वसमावेशकता’ असे लिहिले आहे. त्या आम्हीच भरतो. म्हणून आधीच कबूल केलेले बरे, की पुढे ज्या ढोंगावर टीका आहे त्यात आमचाही वाटा आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेस हार, ५ जूनला वृक्षारोपण, अधूनमधून समावेशकतेवर व्याख्यान. छायाचित्रे आणि उपस्थितीपत्रक जोडले, की मूल्यांकन समितीपुढे जायला आम्ही मोकळे!

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यात दिवाळीच्या सुमारास वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कारखान्यांचे गाळप सुरू होताच टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. धाकटी भावंडे आणि म्हातारी माणसे सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. किंवा तिचे लग्न उरकले जाते. कारण ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि उचल जोडीला मिळते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली आमची एक विद्यार्थिनी अशीच गेली. त्या हंगामात काढणीला आलेले सोयाबीन पावसात कुजले होते. तिची नोंद कोणत्या फायलीत करायची? तिने छळाची तक्रार केली नव्हती, म्हणून पहिली मिटली. तिने रोप लावले नव्हते, म्हणून दुसरी मिटली. प्रवेश तर तिला रीतसर मिळालाच होता, म्हणून तिसरीही मिटली. शेवटी ती चौथ्याच एका यादीत सापडली : हजेरी ७५ टक्क्यांहून कमी, परीक्षेस अपात्र.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची स्थिती तपासली, तेव्हा पाहणीतील ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या मुलींना आम्ही ‘गळती’ म्हणून मोजतो, त्यांच्यापुढे हे आयुष्य वाढून ठेवलेले असते. हवामान एकटेच कोणाला घराबाहेर काढते असे आमचे म्हणणे नाही; जमिनीची वाटणी, जात आणि पाणी कोणी पळवले हेही त्यात आहे. पण २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ असे दुष्काळ लागोपाठ अंगावर आले आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा उचल घेणाऱ्या घराची पाठ आणखी वाकली, हे पाहायला वेधशाळेची गरज नव्हती. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत हवामानाच्या प्रश्नाशेजारी स्त्रीपुरुष समानतेचा उल्लेख आहे. जगाच्या कागदावर हे दोन विषय एकत्र आले. आमच्या वेळापत्रकात अजून आले नाहीत.

आणि ज्यांच्या प्रतिमेला आम्ही हार घालतो, त्यांनी हे वेगळे कधी मानले होते? सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र दुष्काळाविषयी आहे. उपाशी माणसे, गावे सोडून निघालेली कुटुंबे आणि सावकारांची मुजोरी त्यांनी त्यात नोंदवली. सत्यशोधक मंडळी त्या दुष्काळात लोकांना जेवू घालत होती. मुलींची शाळा काढणारी बाई दुष्काळात घरी बसली नाही. आम्ही मात्र त्यांचा अर्धाच वारसा तसबिरीत बसवला आहे.

‘विद्यापीठाचे काम ज्ञानदानाचे, अन्नछत्र चालवण्याचे नव्हे,’ असे आमचे काही सहकारी म्हणतात. बरोबर आहे, पण विद्यार्थिनी वर्गात उरलीच नाही तर ज्ञान कोणाला देणार? २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्हच, परंतु आमची विद्यार्थिनी शुल्कापायी गेली नाही, ती गाळपाच्या महिन्यांत राहायला जागा नाही म्हणून गेली.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. हंगामी स्थलांतर हे आजारपणासारखेच हजेरीतील सवलतीचे कारण मानावे. हुकलेली परीक्षा वर्ष न बुडवता उन्हाळ्यात देता यावी. मुलींचे वसतिगृह आणि तिथली खानावळ गाळपाच्या काळात, सुट्ट्यांतही, चालू असावी; त्यासाठी समारंभांचा खर्च आधी वळवावा. २००३ पासून पदवीला सक्तीच्या झालेल्या पर्यावरणाच्या विषयात चिकटवहीऐवजी गावातून कोण, केव्हा आणि का गेले याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी.

यांतले शेवटचे काम करायला आम्हाला कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही. ते आजवर आम्ही केले नाही, याला मात्र आमच्याकडे उत्तर नाही.