थकलेल्या वीराला निरोप

परवा आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने घरी टीव्हीवर ‘लोगन’ नावाचा इंग्रजी चित्रपट लावला. जेम्स मॅनगोल्ड यांनी दिग्दर्शित केलेला, 2017 सालचा. मुठीतून धारदार नखे काढून लढणाऱ्या वीराची गोष्ट. आम्ही म्हटले, पाच मिनिटे बघू आणि उठू. पण उठणे झाले नाही. शेजारचे मामाही येऊन बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. मुंबईच्या गिरणीत वीस वर्षे काढून, 1982 च्या संपानंतर गडहिंग्लजला परतलेले.

वाचकहो, प्रथमच सांगतो, हा चित्रपट लहान मुलांना दाखवू नका. रक्तपात फार आहे. अमेरिकेतही 17 वर्षांखालील मुलांना तो थिएटरात मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय पाहता येत नव्हता. पण मारामारीच्या इतर चित्रपटांत वीराला ओरखडा उठत नाही, इथे तसे नाही. या वीराच्या जखमा आता भरत नाहीत. ज्या धातूने त्याला बळ दिले, तोच अंगात विष होऊन भिनला आहे. तो भाड्याची मोटार चालवून औषधांचे पैसे जमवतो. त्याचे गुरू चार्ल्स नव्वदीत पोहोचलेले. एकेकाळी जगातले बलाढ्य डोके, आता स्मृती हरवलेली, झटके येतात. वीर त्यांना हातांवर उचलून नेतो, वेळेवर गोळ्या देतो. शेवटी त्याच्याच रक्ताची अकरा वर्षांची मुलगी त्याचा हात धरून बसते आणि तो जातो.

ह्यू जॅकमन हा नट 2000 सालापासून ही भूमिका करत होता. हा निरोप ठरला होता. धंद्याने मात्र त्याला 2024 साली दुसऱ्या चित्रपटात पुन्हा उभे केले, ही गोष्ट वेगळी.

चित्रपट संपला तेव्हा मामा म्हणाले, “याचा हात धराय पोरगी तरी हाय. आमच्या भगवानदादाला कोण हुतं?”

मामांचा प्रश्न आम्हाला लागला. भगवान आभाजी पालव, जन्म 1913. गिरणी कामगाराचा मुलगा. स्वतः मजुरी करून मूकपटांच्या काळात या धंद्यात शिरले. कमी खर्चाचे स्टंटपट काढले, त्यात मारामाऱ्या केल्या, आणि ते कामगारांनी डोक्यावर घेतले. 1951 साली ‘अलबेला’ने त्यांना देशभर नेले. पुढचे चित्रपट मात्र पडले. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या. त्यांच्या नाचाची नक्कल करून इतर नट मोठे झाले आणि दादा किरकोळ भूमिकांत एखादी गिरकी घेऊन जाऊ लागले. 4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला तो 2016 साली, म्हणजे चौदा वर्षांनी.

पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. 1942 साली चित्रीकरणात भगवानदादांची एक थप्पड जोरात बसली. ललिता पवारांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, एक डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या. त्या बाईंनी जिद्दीने खाष्ट सासूच्या भूमिका करून नाव मिळवले, हे त्यांचे मोठेपण. पडद्यावरची मारामारी खोटी म्हणतात; ती जखम खरी होती. आमच्या मते ‘लोगन’चे मोल इथेच आहे. वीराने कुणाला वाचवले हे तो सांगतो, आणि त्याच्या हातून कोण दुखावले हेही लपवत नाही.

आपण काय करतो? माणूस लढत असतो तोवर त्याला खांद्यावर घेतो. तो खाटेला खिळला की त्याच्या घरावरून जाताना चालण्याचा वेग वाढवतो. गेल्यावर मात्र मोठा फ्लेक्स लावतो, हार घालतो, भाषण करतो. आमच्या गडहिंग्लज भागात गिरणीतून परतलेले कितीतरी मामा आहेत. एकेकाळी संपाच्या मोर्चात पुढे चालणारे हे पाय आज दवाखान्याच्या पायरीवर अडतात.

तेव्हा या रविवारी आपल्या घरातल्या, गल्लीतल्या अशा माणसाजवळ तासभर बसा. पराक्रम ऐका, चुकाही सांगू द्या. गोळ्या संपल्या आहेत का, तेवढे विचारा. निरोप द्यायचा तो माणूस ऐकत असतानाच द्यावा.

त्या रात्री मामा उठले तेव्हा गल्लीतली लाईट गेली होती. आमचा मुलगा बॅटरी घेऊन निघाला आणि दारातच त्याने मामांचा हात धरला. आम्ही त्याला सांगितले नव्हते.